टाकीतून येणारा आवाज

गळणारा नळ मिस्त्रीला तीन भिंतींपलीकडून ऐकू यायचा. रस्त्यानं जाता जाता एखाद्या इमारतीसमोर थबकून तो सांगायचा, "वरचा मजला, उजव्या हाताला, वायसर गेलंय," आणि वर जाऊन बघावं तर खरंच गेलेलं असायचं. एका आजींना तर त्यानं म्हणे आधीच सांगून ठेवलं होतं, की तुमचा नळ परवा गळायला लागेल. परवाच्या दिवशी त्या खुर्ची घेऊन नळासमोर बसल्या, आणि दुपारी चहाच्या वेळेला तो गळायला लागला. असा हा कानाचा पक्का माणूस. पण पोटची पोर समोर बसून काय बोलते, ते मात्र त्याच्या कानात शिरता शिरत नव्हतं.

लेक पंधरा वर्षांची. एके संध्याकाळी ती त्याच्या शेजारी येऊन बसली, बराच वेळ नखं कुरतडली आणि म्हणाली, "बाबा, मी हल्ली डबा शाळेच्या जिन्यात बसून खाते. एकटीच."

मिस्त्रीनं विचारलं, "कुठला जिना? मागचा? तिथला नळ अजून गळतो का गं?"

लेक उठली, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. ते दार तसं उघडायचं रोज, पण बोलणं म्हणून जे काही असतं ते आतच राहिलं. त्यानंतर "हो", "नाही" आणि "माहीत नाही" एवढ्या तीन शब्दांत तिनं बापाचा संसार आटोपला. आपण काय करून बसलो हे मिस्त्रीला त्याच संध्याकाळी कळलं होतं. पण दारावर टकटक करून म्हणायचं काय? नळ तुंबला तर त्याच्याकडे पान्यांची अख्खी पेटी होती. इथं कुठला पाना लावायचा ते त्याला ठाऊक नव्हतं.

"अहो, जाऊन बोला तिच्याशी," बायको म्हणायची. ती दवाखान्यात नर्स होती आणि घरी येईपर्यंत तिचं स्वतःचं बोलणं संपलेलं असायचं.

"काय बोलू?"

"काहीही. फक्त नळाचं सोडून."

हे ऐकून मिस्त्रीकडचे सगळेच विषय संपले.

तेव्हा तो गायला लागला. त्याच्या दुकानाच्या मागच्या अंगाला एक मोठी काळी प्लास्टिकची टाकी पडून होती. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो टाकीच्या तोंडात मुंडकं घालायचा, हातातल्या पान्यानं शेजारच्या पाइपावर ठोका धरायचा – ठण-ठण-ठक, ठण-ठण-ठक – आणि जे घरी बोलता येत नव्हतं ते देवाला सांगायचा. टाकीतल्या घुमाऱ्यानं त्याचा आवाज असा काही बदलायचा, की शेचाळीस वर्षांचा पोटसुटा माणूस गातोय असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं. अठरा वर्षांचा, रात्ररात्र जागणारा, जगावर रुसलेला एखादा उंच पोरगा असावा, असा तो आवाज.

आणि तेवढ्यात पाळकसाहेब आले. चर्चच्या बेसिनची तोटी घ्यायला आले होते बिचारे. त्यांची स्वतःची पंचाईत वेगळीच होती. उपासनेत दुसरं गीत सुरू झालं की पोरंपोरी एकेक करून मागच्या दारानं पसार व्हायची. उपदेशापर्यंत समोर उरायचे ते चष्मे आणि काठ्या. दुकानात कुणी दिसेना म्हणून ते मागं गेले, तर टाकीला दोन पाय फुटलेले आणि आतून गाणं चाललेलं:

"बाबा विचारतो, जेवलास? झोपलास? पेपर कसा गेला?
आत जो पूर आलाय, प्रभू, तो कुणी नाही पाहिला!
मी सांगायला लागलो, की तो पाना शोधतो,
गळतंय ती जागा सोडून भलतीच भिंत खोदतो!"

पाळकसाहेबांनी खिशातून फोन काढला, सगळं गाणं टिपून घेतलं आणि मग खाकरले. मिस्त्री इतका दचकला की त्याचं डोकं टाकीला आपटलं. तो ठोकाही त्या गाण्यात शेवटी आला आणि पुढं पोरांना तोच सगळ्यात आवडला.

"मिस्त्री, हे तुम्ही कुणासाठी लिहिलंत?"

"कुणासाठी नाही, साहेब. मी पोर असतो तर माझ्याबद्दल देवाकडे काय तक्रार केली असती, तेवढं बसवून बघत होतो."

"माझ्या पोरांना हवंय हे."

"माझं नाव नको. माझी लेक आहे तुमच्या त्या तरुण संघात."

"नाव नाही सांगणार," पाळकसाहेब म्हणाले. नाव हवंच म्हणून मग दोघांनी मिळून 'खोल पाणी' असं टोपणनाव ठरवलं. पोरांनी आठवडाभरात त्याचं 'केपी' करून टाकलं.

मग काय विचारता! केपीची गाणी या फोनवरून त्या फोनवर अशी पसरली, जशी गळती भिंतीत पसरते. मागचं दार बंद राहू लागलं. पोरं पुढच्या बाकांवर भांडू लागली. केपीचा चेहरा कुणी पाहिला नव्हता, म्हणून प्रत्येकानं आपापला बनवून घेतला. कुणी म्हणे तो कॉलेज सोडून आलाय, कुणी म्हणे तो बोलतच नाही, फक्त गातो. घरी जेवताना लेकीच्या तोंडून कधी नव्हे ती अख्खी वाक्यं निघू लागली, पण तीही आईकडे बघून.

"आई, केपीचे बाबा पण प्लंबर असणार," ती एकदा म्हणाली. "गाण्यात सगळं पाना, वायसर, तुंबलंय, असंच असतं. बिचारा. त्याला कळतं गं, घरी कुणी ऐकत नाही म्हणजे काय होतं ते."

मिस्त्रीला असा ठसका लागला की बायकोला उठून पाठीत थापटावं लागलं.

आता त्याचा जीव खरोखर टांगणीला लागला. एकीकडे लेक त्याच्याकडे बघत नव्हती. दुसरीकडे जगात जर कुणी आपल्याला समजून घेतं तर तो केपी, असं ती धरून बसली होती. उद्या तिला कळलं की तो उंच, रुसलेला पोरगा म्हणजे आपलाच बाप, बनियनवर बसून टाकीत डोकं घालणारा, तर? केपीही जाणार आणि बापही. एका फटक्यात दोन्ही. म्हणून मिस्त्रीनं मनाशी गाठ बांधली, की मरेस्तोवर ही गोष्ट बाहेर येऊ द्यायची नाही.

पण पाळकसाहेबांना खोटं बोलता येत नव्हतं. एका पोरीनं त्यांना उभं करून विचारलं, "केपी खरा आहे, की कॉम्प्युटरनं बनवलाय?"

"खरा आहे."

"मग आपल्या तरुण संघाच्या मेळाव्याला आणा त्याला."

ते "बरं" म्हणून बसले आणि धावत दुकानात आले. मिस्त्रीनं कपाळावर हात मारला.

"साहेब, तुम्ही मला पार तोंडघशी पाडलंत."

"काहीतरी मार्ग निघेल. प्रार्थना करू या."

"तुम्ही प्रार्थना करा. मी जागा बघून येतो."

मेळावा शाळेच्या आवारात होता, आणि योगायोग असा की त्या शाळेच्या गच्चीवरचं पाण्याचं काम मिस्त्रीकडेच होतं. वर चढवायची नवी टाकी, पुरुषभर उंच, आवारातल्या स्टेजवर आणून ठेवलेली होती. ती बघितली आणि मिस्त्रीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. टाकीतूनच गायचं! पोरांना वाटेल सजावट आहे. आवाजही तोच येईल आणि माणूस दिसायचा नाही.

ठोक्यासाठी मात्र पाइप हवा होता. साधा तुकडा ठोकून बघितला तर आवाज मेलेला. खणखणीत ठण यायचा तर पाइप लांबलचक लागतो. गच्चीवरून एक जुनी चार इंची लाइन भिंतीला धरून खाली आलेली होती, कोरडी ठणठणीत. मिस्त्रीनं ती वळवून टाकीच्या तोंडातून आत घेतली, पान्यानं एकदा वाजवून बघितली आणि खूश झाला. एवढा अनुभवी माणूस, पण त्या लाइनच्या दुसऱ्या टोकाला काय आहे, याचा विचार त्याच्या मनाला शिवला नाही.

दुसऱ्या टोकाला गच्चीवरची जुनी, भरलेली टाकी होती आणि तिच्या कॉकपाशी त्याचा जोडीदार. त्याला सगळे 'भिंत' म्हणायचे. भिंतीला कान असतात म्हणतात. या भिंतीला ते नव्हते. तोफ उडाली तरी तो विचारायचा, "काय म्हणालास?" म्हणून त्या दोघांनी कामाची स्वतःची भाषा बसवली होती. भिंत गच्चीवर पाइपाला तळवा लावून बसायचा आणि खालून मिस्त्री ठोकायचा. ठण-ठण-ठक, ठण-ठण-ठक म्हणजे पाणी सोड. घाईघाईनं एकसारखं ठोकलं की बंद कर. वर्षानुवर्षं ही भाषा मिस्त्रीच्या हातात इतकी मुरली होती, की गाण्याला ठोका धरताना हातानं आपणहून तोच धरला होता. दुकानात तो पाइप कशालाच जोडलेला नव्हता, म्हणून कधी काही बिघडलं नाही.

मेळाव्याच्या दिवशी पोरं यायच्या आधी शिडी लावून मिस्त्री टाकीत उतरला. उतरला म्हणजे पाय गेले, मांड्या गेल्या, पोटापाशी गाडी अडली. त्यानं सगळा श्वास बाहेर सोडला, पाळकसाहेबांनी "प्रभू, साहाय्य कर" म्हणून त्याच्या खांद्यांवर आपलं वजन टाकलं, आणि बाटलीत बूच उलटं जावं तसा मिस्त्री बुदकन आत गेला.

"बाहेर कसे येणार?" पाळकसाहेबांनी वरून वाकून विचारलं.

"आधी आत तर गाऊ द्या," टाकी म्हणाली.

आवार भरलं. आतल्या काळोखात मिस्त्री डोक्यावर टोपीचं जाकीट ओढून, एका हातात बिनतारी माईक आणि दुसऱ्या हातात पाना घेऊन उभा होता. पाळकसाहेब म्हणाले, "केपी आलाय," आणि असा कल्लोळ उठला की शेजारच्या गल्लीतल्या गाड्यांचे भोंगे आपोआप वाजू लागले. पहिलं गाणं बिनठोक्याचं होतं. ते झोकात पार पडलं. मग मिस्त्रीनं पाना उचलला. ठण-ठण-ठक. ठण-ठण-ठक. "बाबा विचारतो, जेवलास? झोपलास?" सगळं आवार त्याच्याबरोबर गाऊ लागलं. त्या शेकडो आवाजांत त्याला आपल्या लेकीचा आवाज वेगळा काढता आला. पुढून, डावीकडून, जवळून. इतक्या महिन्यांनी तिचा आवाज त्याच्याकडे तोंड करून येत होता, तिच्याही नकळत. मिस्त्रीची एक ओळ हुकली. ठोका मात्र चुकला नाही.

गच्चीवर कामाला आलेल्या भिंतीनं तळव्याखाली ठोका ओळखला. "आज कसली घाई लागलीय याला," असं म्हणत त्यानं कॉक उघडला.

शाळेच्या सगळ्या मजल्यांना पुरणारं पाणी एका दमात खाली आलं. पहिला लोंढा मिस्त्रीच्या टोपीवर पडला आणि पाना हातातून निसटून तळाला गेला. बंद करायची खूण ठोकायला हातात काही उरलं नाही. मुठीनं ठोकून बघितलं, तर पाइपाला त्याचं काहीच वाटलं नाही. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं. गाणं थांबवावं तर सगळं बिंग फुटणार, म्हणून तो गातच राहिला. आवाजात बुडबुडे येऊ लागले. बाहेर पोरं वेडी झाली. "काय इफेक्ट आहे!" कुणीतरी किंचाळलं. लहानपणी रविवारच्या शाळेत ऐकलेल्या, माशाच्या पोटातल्या माणसाची मिस्त्रीला आठवण झाली. पण त्या माणसाला निदान गावं तरी लागत नव्हतं.

पाणी छातीला आलं, पाय सुटले आणि पोट तरंगायला लागलं. गोल, गुळगुळीत, हवेनं भरलेलं पोट. पाण्यानं त्याला उचललं ते थेट टाकीच्या तोंडाशी नेलं. आधी टोपी बाहेर आली, मग डोकं, खांदे, एक हात, हातात माईक. मग पोट तोंडात घट्ट अडकलं आणि मिस्त्री तिथंच थांबला, अर्धा आत, अर्धा बाहेर. ओली टोपी मागं गळून पडली. टक्कल उन्हात चमकलं.

आवारातलं गाणं जागच्या जागी तुटलं.

"अरे," एक पोरगा म्हणाला, "हे तर नळवाले काका!"

मिस्त्रीनं फक्त एकाच चेहऱ्याकडे बघितलं. लेक पहिल्या रांगेत उभी होती. तिचं तोंड उघडं होतं, त्यात शेवटची ओळ अर्धीच राहिली होती. आता संपलं सगळं, असं मिस्त्रीनं मनाशी धरलं. पाणी त्याच्या कडेनं उसळून स्टेजवर वाहू लागलं होतं, आणि त्याचंही त्याला भान नव्हतं.

लेक हलली. तिनं हातातली स्टीलची पाण्याची बाटली घट्ट धरली, स्टेजवर चढली आणि गच्चीवरून आलेल्या लाइनवर घाईघाईनं एकसारखं ठोकायला लागली. ठणठणठणठणठण. लहानपणी कितीदा तरी बापाच्या कामावर जाऊन बसलेली पोर ती. ती भाषा तिला येत होती. वर भिंतीनं कॉक बंद केला. पाणी थांबलं.

मग ती शिडीवर चढून टाकीच्या खांद्यावर येऊन बसली. पहिलं काम केलं ते बापाच्या हातातला माईक काढून बंद करण्याचं.

खाली पाळकसाहेबांनी प्रसंग ओळखला. "मुलांनो, खाऊ! खाऊ वाटतोय!" असं ओरडत ते सगळ्यांना आवाराच्या पलीकडे हाकत घेऊन गेले. पोरं जाता जाता मागं वळून टाळ्या वाजवत होती आणि "काका! काका!" असा गजर करत होती. केपी टकला निघाला याचं कुणालाच काही वाटलेलं दिसत नव्हतं. एकीला मात्र वाटलं होतं.

"म्हणजे तुला सगळं कळत होतं," लेक म्हणाली.

"कळत होतं."

"अख्ख्या जगाला गाऊन सांगितलंस. घरी का नाही बोललास मग?"

"घरी," मिस्त्री म्हणाला, "टाकी नाहीये गं."

लेकीला हसू येत होतं, पण तिनं ते दातांखाली दाबलं. "आणि माझं सांगितलेलं सगळ्यांना सांगितलंस."

"तुझं एक अक्षर नाही घातलं. जिना कुठं आहे का त्यात? जो गाढवपणा आहे तो सगळा माझा आहे."

तिचे ओठ हलू लागले. मनातल्या मनात सगळी गाणी पुन्हा म्हणून बघत असावी. मग म्हणाली, "नाहीये जिना."

एवढ्यात भिंत साबणाची वडी घेऊन गच्चीवरून धावत खाली आला. "थांब, थांब, आत्ता काढतो तुला," म्हणत तो मिस्त्रीच्या पोटाला साबण फासायला लागला. लेकीनं त्याचा हात धरला आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडली, "काका, आत्ताच काढू नका याला!"

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, राहू दे! मला बोलायचंय याच्याशी!"

भिंतीनं मिस्त्रीकडे बघितलं. मिस्त्री म्हणाला, "राहू दे." ते ओठांवरून भिंतीला कळलं. तो साबण ठेवून खाऊ खायला गेला.

आणि लेक बोलायला लागली. मैत्रीण दुसऱ्या तुकडीत गेली, तिला तिथं नवा घोळका मिळाला, आणि ही डबा घेऊन उभी राहिली की बाकावरच्या पोरी सरकून बसतात. जागा करायला नाही, जागा भरायला. मिस्त्रीनं तोंड उघडलं. शाळेच्या बाईंना भेटतो, त्या पोरींच्या घरी जातो, मागच्या जिन्यात एक बाक बसवून देतो, असं बरंच काही त्याच्या जिभेवर आलं होतं.

लेकीनं बोट वर केलं. "दुरुस्ती नकोय, बाबा."

त्यानं तोंड मिटलं. उठून जायची सोय नव्हती, पाना शोधायची सोय नव्हती. हात टाकीवर, पाय पाण्यात. काही सुचेना म्हणून त्यानं विचारलं, "सरकून बसतात तेव्हा, बबडे, तू कुठं बघतेस?"

लेकीनं चमकून त्याच्याकडे बघितलं. एरवी 'बबडे' म्हटलं की तिला राग यायचा.

"डब्याकडे," ती म्हणाली. तिचा आवाज जरासा फुटला. "झाकण लावल्यासारखं करते. लागलेलं असतं तरी."

मिस्त्रीनं मान हलवली. ती थोडी रडली, बापाच्याच ओल्या बाहीला नाक पुसलं आणि मग एकदम हसत सुटली.

"बाटलीतलं बूच दिसतोयस."

"आता काढायला सांगू का भिंतीला?"

"थांब. अजून संपलं नाहीये माझं."

साबण लावून, दोघांनी ओढून आणि पाळकसाहेबांच्या प्रार्थनेनं मिस्त्री शेवटी बाहेर निघाला, तेव्हा आवार रिकामं झालं होतं. दोघं घरी निघाली. त्याचे बूट पावलागणिक पचक पचक वाजत होते आणि लेकीचं तोंड चालूच होतं: वर्गातली ती उंच मुलगी, गणिताच्या सरांची नक्कल, पुढच्या गाण्यात एक कडवं मी लिहिणार आणि मीच म्हणणार, त्यात "प्रभू" कुठं यायला पाहिजे ते तुला कळत नाही, तू फार घाई करतोस. जिन्यात, दारात, बेल वाजवतानाही चालूच.

बायकोनं दार उघडलं. नवरा नखशिखांत भिजलेला, पोटाला साबणाचा फेस, बुटांत पाणी.

"अहो! हे काय होऊन बसलंय? कुठं पडलात?"

मिस्त्रीनं ओठांवर बोट ठेवलं.

"शूऽऽ," तो म्हणाला. "ती बोलतेय."